1.3 टन, 1.7 टन की 2 टन? टोमॅटो-द्राक्षासाठी पिकअप घ्यायची आहे, मागे पाण्याचा ट्रेलरही ओढायचा आहे

निफाड_बागाईतदार

नमस्कार मंडळी. घरची पहिली पिकअप घ्यायची आहे. काम असं आहे:

जुलै ते ऑक्टोबर टोमॅटो, निफाडजवळच्या मळ्यातून पिंपळगाव बसवंतला. एरवी रोजचे 60 कॅरेट (प्लास्टिकचे क्रेट), भर खुड्याला 90. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं पॅकहाऊसला. उन्हाळ कांदा लागेल तसा लासलगावला. आठवड्यातून एखादी खेप वाशीला.

शिवाय आमचा दुसरा प्लॉट 9 किमीवर आहे आणि एप्रिल-मेमध्ये तिथं पाणी नसतं. दोन चाकी ट्रेलर बनवून त्यावर 600 लिटरची टाकी आणि एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप) बसवायचा, आणि तो पिकअपमागे जोडून न्यायचा, असा विचार आहे. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, ट्रेलरचं वजन त्याच्या चाकांवर जातं, गाडीवर काहीच येत नाही. चुलतभाऊ म्हणतो, ओढायचंच असेल तर टोयोटा हायलक्स नाहीतर इसुझू व्ही-क्रॉस घे, परदेशात लोक त्यांच्यामागे मोठाले कॅरव्हॅन लावतात.

बोलेरो मॅक्स पिकअप, टाटा योद्धा आणि इंट्रा व्ही 50 बघून आलोय. प्रत्येक ठिकाणी नुसता टनाचा आकडा सांगतात. नेमकं काय बघून ठरवायचं?

भुईकाटा

भाऊ, जाहिरातीतला टन बाजूला ठेवा आणि ज्या व्हेरियंटवर मन बसलंय त्याच व्हेरियंटच्या एखाद्या पासिंग झालेल्या गाडीचं आरसी बघायला मागा. त्यावर दोन आकडे असतात, अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं वजन) आणि ग्रॉस वेट (भरलेल्या गाडीच्या वजनाची मर्यादा). दोन्हींतला फरक म्हणजे कायद्यानं चालणारा भार. तो सगळा मालाचा मात्र नाही. मोटार वाहन कायद्यातल्या अनलेडन वेटमध्ये ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस धरलेला नसतो, त्यामुळे ते दोघं या फरकातच बसवायचे. नंतर चढवलेलं लोखंडसुद्धा त्यातूनच जातं.

1.3 टनाच्या गाडीचा हिशोब मांडतो:

फरक 1300 किलो
ड्रायव्हर आणि एक माणूस 150
वाढवलेले कठडे आणि वरची जाळी 70
ताडपत्री, दोरखंड, जॅक, किरकोळ 20
उरले 1060

टोमॅटोचं कॅरेट 20 किलोचं म्हणतो, पण रिकामं कॅरेटच दीड-दोन किलोचं असतं. काट्यावर 22 धरा. 1060 भागिले 22, म्हणजे 48 कॅरेट. तुमचा रोजचा 60 चा खुडासुद्धा 1.3 टनात बसत नाही.

याच पद्धतीनं 1.7 टनात 66 आणि 2 टनात 80 बसतात. तुमचं काम 1.7 चं आहे. 90 कॅरेटचे दिवस हंगामात मोजकेच येतात, शिवाय पिंपळगाव हाकेच्या अंतरावर आहे, तेवढ्या दिवशी दोन खेपा करा. वर्षातल्या 15 दिवसांसाठी 2 टनाची गाडी घेतली तर उरलेले साडेअकरा महिने अर्धी रिकामी गाडी आणि कडक पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सांभाळत बसाल. द्राक्षाला ते महागात पडतं. पाट्यांचं जाणकार सांगतीलच.

कांद्याला हाच नियम, फक्त तिथं मोह जास्त होतो. सुटा कांदा हौद्यात (मागच्या मालाच्या जागेत) ओतला की डोळ्यांना कमीच वाटतो आणि 20 क्विंटल सहज चढतो. 1.7 च्या गाडीत माणसं आणि लोखंड वजा जाता साडेचौदा क्विंटलला थांबायचं. हौद्याच्या आतून तेवढ्या उंचीवर रंगाची रेघ मारून घ्या, म्हणजे भरणाऱ्याला विचारावं लागत नाही. पहिल्यांदा काट्यावर तोलून मगच रेघ मारा. ओला कांदा आणि वाळलेला कांदा यांची रेघ एक येत नाही.

आता कागदपत्रं. ग्रॉस वेट 3000 किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्याच्या वर लागतं. 1.3 टनाच्या गाड्या बहुधा या रेषेच्या आत असतात, 1.7 च्या बाहेर जातात. पेठ किंवा सापुताऱ्याकडून गुजरातेत माल न्यायचा असेल तर नॅशनल परमिट काढून ठेवा. शेतमाल घरचा असला तरी गाडी पिवळ्या पाटीचीच. फिटनेस नव्या गाडीला पहिली 2 वर्षं, मग गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. लायसन्सची काळजी नको. 7500 किलो ग्रॉसपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर चालते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये ते स्पष्ट केलंय.

ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000. त्याहून वाईट म्हणजे जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत. रस्त्याकडेला उन्हात उतरवलेल्या टोमॅटोचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. माल हौद्याच्या बाजूनं किंवा मागं बाहेर डोकावला तरी 20,000, मग वजन आत असलं तरी.

यू_बोल्ट

वजनाचा हिशोब वर आलाच. मी वजन कुठं बसतं ते सांगतो, कारण गाडी खराब होते ती तिथंच.

हौद्याची लांबी आधी बघा. आपलं नेहमीचं कॅरेट साधारण 540 बाय 360 मिमीचं आणि 290 उंच असतं. हौदा आतून 2500 बाय 1700 मिमी असेल तर एका थरात 18 कॅरेट बसतात, कॅरेटची लांब बाजू आडवी टाकून. 66 कॅरेट म्हणजे 3 थर भरून वर 12. दहा फुटी हौद्यात एका थरात 24 बसतात, तेच 66 अडीच-पावणेतीन थरांत मावतात. थर कमी म्हणजे डोलणं कमी आणि खालच्या टोमॅटोवर दाब कमी. टोमॅटोवाल्यानं दहा फुटीच बघावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पण दहा फुटीत एक गोम आहे. हौदा मागच्या अ‍ॅक्सलच्या मागं जास्त लोंबतो. हमाल फाळक्याकडून (हौद्याच्या मागच्या झडपेकडून) चढवतात, त्यामुळे अर्धवट थर नेहमी फाळक्याशीच राहतो. हे करू देऊ नका. अपुरा थर कायम केबिनच्या बाजूला. गणित सोपं आहे. व्हीलबेस 3 मीटर, माल 1300 किलो आणि मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या 30 सेंमी मागं गेला, तर पुढच्या चाकांवरचे 130 किलो उचलले जातात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर 1430 येतात. काट्यावर एकूण वजन बरोबर दिसतं, पण मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड आणि स्टेअरिंग हलकं. ओल्या रस्त्यावर वळणात गाडी सरळ जायला बघते, ती यामुळे.

मागच्या अ‍ॅक्सलचा परवानगीचा आकडा गाडीच्या प्लेटवर असतो. काट्यावर फक्त मागची चाकं चढवून तोल घ्या आणि त्या आकड्याशी ताडून बघा. भरलेल्या पहिल्या खेपेलाच हे करा.

टायर. कंपनीनं दिलेल्या साइझशेजारी लोड इंडेक्स लिहिलेला असतो. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 104 म्हणजे 900, 108 म्हणजे 1000, 112 म्हणजे 1120. मागच्या दोन टायरची बेरीज अ‍ॅक्सलच्या आकड्यापेक्षा कमी भरता कामा नये. टायर बदलताना दुकानदार दिसायला तसाच, पण कारचा टायर स्वस्तात देऊ करतो. साइझ जुळते, इंडेक्स जुळत नाही, आणि मे महिन्यात साइडवॉल फुटते. हवा गार टायरवर तपासा. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे वेगळे असतात, ते दारावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये सापडतात.

पाटे वाढवण्याबद्दल. आपल्याकडे गाडी शोरूममधून निघाली की थेट पाटेवाल्याकडे जाते. पाटा वाढवल्यानं आरसीवरचा आकडा वाढत नाही, अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक काहीच वाढत नाही. फक्त गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून माणूस अजून भरतो. आणि पुष्कळ पिकअपला मागच्या अ‍ॅक्सलवर एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब सोडायचा ते ठरवतो. पाटे वाढवले की गाडी दबतच नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. सगळा भार पुढच्या पॅडवर. पाटे वाढवलेल्या गाडीचे पुढचे पॅड लवकर का जातात, ते यातून कळेल.

द्राक्षाचं म्हणाल तर कडक पाटा हा द्राक्षाचा शत्रूच. पॅकहाऊसच्या खेपेला वजन कमी असतं, पाटे दबत नाहीत, आणि शिवाररस्त्याचा प्रत्येक खड्डा सरळ क्रेटमध्ये जातो. घड क्रेटच्या कडेवर घासतो, मण्यांवरची लव पुसली जाते, देठाशी मणी सैल होतात आणि पॅकहाऊसच्या टेबलावर क्रेट उलटला की तळाशी मणीगळ दिसते. निर्यातीचा माल तिथंच मागं पडतो. द्राक्षाच्या दिवसांत टायरची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा, क्रेट अ‍ॅक्सलच्या पुढं ठेवा आणि खाली रबर मॅट टाका. एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

पहिल्या 1000 किमीनंतर यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे बोल्ट) पुन्हा टाइट करून घ्या. ते सैल राहिले की पाटे एकमेकांवर सरकतात, मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल एका बाजूनं मागं जातो. गाडी तिरकी चालताना दिसली तर आधी तेच बघा.

वाशीबद्दल एकच. नाशिकहून मुंबईकडे जाणारी भरलेली गाडी कसारा घाट उतरते, चढत नाही. म्हणून गाडी निवडताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा ब्रेक बघा. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवा. न्यूट्रल कधीच नाही, आणि इंजिन बंद केलं तर ब्रेकचा बूस्टरही जातो. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला. इगतपुरीजवळच्या पावणेआठ किमीच्या बोगद्यामुळे घाटाची वळणं टळतात. टोल आणि वाचणारा वेळ यांचा हिशोब तुमच्या खेपेप्रमाणे मांडा.

दोन_केबिन

हायलक्स आणि व्ही-क्रॉसबद्दल. गाड्या उत्तम आहेत, ओढायची ताकदही भरपूर, पण ओढायची ताकद वेगळी आणि अंगावर भार घ्यायची ताकद वेगळी. पाच माणसांची केबिन असल्यानं हौदा जेमतेम दीड मीटरचा, एका थरात 8 कॅरेट. पाच जण बसले की बराचसा भार तिथंच संपतो. परदेशातसुद्धा मोठा कॅरव्हॅन लावणारे लोक इथंच फसतात. पुस्तकात ओढायचा आकडा 3 टनांच्या वर दिसतो, पण कॅरव्हॅनचं हुकावर येणारं वजन, घरची माणसं आणि हौद्यातलं सामान मिळून पेलोड (गाडीच्या अंगावर घ्यायचा भार) आधी संपतो. तुमच्या कामाला ही गाडी नाही.

हुक_आणि_पिन

ट्रेलरकडे येतो, कारण फॅब्रिकेशनवाल्यानं सांगितलेलं अर्धवट आहे.

दोन चाकी ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर जात नाही आणि जाऊही द्यायचं नाही. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हुकावर यायलाच हवं. 10 च्या खाली गेलं की 50-60 च्या वेगाला ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो आणि ब्रेक मारला की झोका आणखी वाढतो. तुमची टाकी, पंप आणि सांगाडा मिळून 300 किलो, वर 600 लिटर पाणी, म्हणजे 900. हुकावर 90 ते 135 किलो. हे पिकअपच्या भारात मोजायचं. शिवाय हुक मागच्या अ‍ॅक्सलच्या मागं असतो. तो 1.2 मीटर मागं असेल तर हुकावरचे 100 किलो मागच्या अ‍ॅक्सलवर 140 होतात आणि पुढून 40 उचलतात.

हुकावरचं वजन घरीही मोजता येतं. माणूस तोलायच्या काट्यावर फळीचं एक टोक, दुसरं टोक विटेवर. विटेपासून 1 फुटावर ट्रेलरचं तोंड टेकवा, काटा विटेपासून 3 फुटांवर. नुसत्या फळीचा आकडा आधी लिहून घेऊन वजा करा आणि उरलेल्याला 3 नं गुणा. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना ओट (घसरू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावून.

तुमच्या ट्रेलरमध्ये खरी अडचण पाण्याची आहे. हुक ते चाक 2.4 मीटर आणि वजनाचा मध्य चाकाच्या 30 सेंमी पुढं ठेवला तर साडेबारा टक्के बसतात, छान. पण फवारणी अर्ध्यावर आली की टाकीत 300 लिटर उरतं, गाडी उचलताना ते मागं धावतं. पाण्याचा मध्य 30 सेंमी मागं सरकला तरी हुकावरचे 75 किलो 38 वर येतात, म्हणजे 6 टक्के. भरलेला ट्रेलर नीट चालतो आणि परत येताना झुलतो, त्याचं कारण हे. टाकीत आडवे पडदे नसतील तर ट्रेलर पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामाच रस्त्यावर काढावा.

ब्रेकचंही तसंच. रिकामी पिकअप आणि मागं बिनब्रेकचा 900 किलोचा ट्रेलर ही वाईट जोडी. वर सांगितलेला एलएसपीव्ही रिकाम्या गाडीचे मागचे ब्रेक मुद्दाम कमी लावतो आणि ट्रेलर मागून ढकलत राहतो. उतारावर वळणात गाडी कात्रीसारखी दुमडते. कायद्यानं ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढायचं वजन दिलेलं नसेल तर विषयच संपला. आणि बंपरखालची कडी अडकलेली गाडी काढायला असते, तिला ट्रेलर लावू नका.

मला विचाराल तर ट्रेलर बनवूच नका. तुम्हाला पाणी एप्रिल-मेमध्ये हवंय. तेव्हा टोमॅटो नाही, द्राक्ष संपलेलं, हौदा रिकामाच उभा. टाकी हौद्यात ठेवा. ब्रेक असलेल्या चार चाकांवर, वेगळ्या नोंदणीशिवाय, आणि 600 च्या जागी 1000 लिटर.

निफाड_बागाईतदार

सगळ्यांचे मनापासून आभार. हौदा नेमका त्याच महिन्यांत रिकामा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ट्रेलर रद्द.

आता असं ठरवतोय: 1.7 टन, दहा फुटी हौदा, पाटे कंपनीचेच. 90 च्या दिवशी आधी 66, मग 24. एकच 1000 लिटरची उभी टाकी, फाळक्याशी ठेवतो म्हणजे नळ आणि पंप हाताशी येतील. 1000 लिटर म्हणजे 1000 किलो, 1460 च्या आतच आहे. काही चुकतंय का?

हुक_आणि_पिन

तीन गोष्टी बदला दादा.

टाकी फाळक्याशी नको. 1000 किलो अ‍ॅक्सलच्या मागं गेले की यू_बोल्टनी सांगितलेलं सगळं होतं. टाकीचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढं आणा, पंप हवा तर फाळक्याशी ठेवा, मध्ये 2 इंची होज. एका उभ्या टाकीऐवजी 500 च्या दोन बुटक्या टाक्या घ्या. एक पूर्ण संपवून मग दुसरी उघडायची, म्हणजे एका वेळी एकच टाकी हिंदकळते. नुसत्या पट्ट्यांवर भरवसा नको. जोराचा ब्रेक लागला की 1000 किलोची टाकी 800 किलोपर्यंतच्या जोरानं केबिनकडे येते. टाक्यांच्या पुढं तळाशी अँगल बोल्टनं बसवा, पट्टे त्याच्या जोडीला चार. हे लोखंड टाक्यांसोबत निघेल असंच बसवा, नाहीतर टोमॅटोच्या हंगामात उगाच 30 किलो फिरवाल.

वजनात पाण्याशिवाय टाक्या 30, पंप आणि इंजिन 70, अँगल-पट्टे 30 धरा. 1130 होतात. 1460 मध्ये बसतं.

गाडीत फक्त साधं पाणी न्या, औषध प्लॉटवर वेगळ्या पिंपात कालवा. त्याच हौद्यात फेब्रुवारीत निर्यातीची द्राक्षं जाणार आहेत. फळीच्या फटीत सांडलेलं औषध धुऊन पूर्ण जात नाही, आणि रेसिड्यूच्या (फळावर उरलेल्या औषधाच्या अंशाच्या) तपासणीत ते कुठून आलं हे शोधत बसाल.

भुईकाटा

आणि 66 अधिक 24 नको, 45 अधिक 45 करा. दोन थरांत 48 बसतात, म्हणजे दोन्ही खेपा दोनच थरांच्या होतील, फक्त फाळक्याकडचे तीन कोनाडे मोकळे राहतील. पहिल्या खेपेचा माल लिलावाला लवकर लागतो आणि दुसरी खेप खुडा संपेपर्यंत सावलीत थांबते. आरसी हातात आली की अनलेडन आणि ग्रॉसचे आकडे इथं टाका, 66 चा आकडा त्यावरून पुन्हा काढू. कठडे बसवल्यावरचा रिकाम्या गाडीचा तोलही घेऊन ठेवा.